बाहुलीला वास येतोय

खोक्यावर लाल स्केचपेननं लिहिलं होतं, "परत. सिगारेटचा वास." अक्षर चांगलं टपोरं. कुरिअरवाला जिना चढून तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत वाटेत ज्यांना ज्यांना वाचता येतं त्या सगळ्यांनी ते वाचलेलं. वर माझं नाव. बावन्न वर्षांत मी बिडीला हात लावलेला नाही. सोलापुरात जन्मून, बिड्या वळणाऱ्या घरांच्या शेजारी वाढून हात लावलेला नाही, याला खरं तर एखादी शाल-नारळ मिळायला हवा होता. मिळालं काय, तर हे खोकं.

आत नव्वदच्या दशकातली, साडी नेसलेली बार्बी होती. पुण्याच्या एका बाईंना विकली होती. त्यांचा निरोप फार सभ्य होता : "दादा, बाहुली गोड आहे, पण आमच्याकडे कुणी ओढत नाही. खोकं उघडलं आणि ह्यांना ठसका लागला." पैसे परत, जातानाचं कुरिअर माझं, येतानाचंही माझं. आणि ठसक्याबद्दल मीच माफी मागितली.

तर हो, मी बाहुल्या जमवतो. एकेचाळीस आहेत. नाही, मला मुलगी नाही. मुलगा आहे, तो बेंगळुरूला असतो आणि लग्न जमेपर्यंत ही गोष्ट कुठं बोलू नका असं त्यानं बजावलेलं आहे. झालं बोलून.

सुरुवात साखर पेठेतली. शेजारी तेलुगू कुटुंब होतं. संक्रांतीला त्यांच्याकडे बोम्मल कोलुवू मांडायचे, म्हणजे पायऱ्या करून त्यावर बाहुल्यांची आरास. त्या घरातल्या अक्कांनी मला एक कोंडपल्लीची बाई दिली, म्हणजे आंध्रातल्या कोंडपल्ली गावात करतात ती लाकडी बाहुली. हात मोडलेली होती म्हणूनच दिली, पण दिली. ही बाहुली पोनिकी नावाच्या हलक्या पांढऱ्या लाकडाची असते आणि तिचे अवयव चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून चिकटवतात, हे मला पुढे वीस वर्षांनी कळलं. तोवर मी तिचा हात फेव्हिकॉलनं जोडून बसलो होतो. अजून जोडलेला आहे. थोडा उलटा.

आता वासाचं. पुण्याच्या बाईंना वाटलं असेल, मी बाहुल्या पानपट्टीवर ठेवतो. अहो, मी काय काय करतो! धूर मुळात कपाटाच्या दाराला विचारून आत जात नाही. फटीतून जातो, आणि बसतो कुठं? केसांत, कापडात, खोक्याच्या पुठ्ठ्यात. नुसता वास नाही, एक पिवळट चिकट थरही येतो. स्वयंपाकघरातल्या पंख्यावर तेल आणि धूळ मिळून जे होतं, त्याचा हा धाकटा भाऊ. त्यात विनाइलच्या बाहुलीला मऊपणा यावा म्हणून प्लास्टिकमध्ये जे द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षांनी स्वतःच बाहेर झिरपतं आणि बाहुलीचं अंग चिकट होतं. उष्णतेनं ते आणखी लवकर. आणि सोलापूरचा मे महिना! पारा त्रेचाळीसच्या वर, माणसंच चिकट होतात, तिथं बार्बीचं काय घेऊन बसलात? अशा अंगावर धुराचा कण एकदा बसला की बसला.

डांबरगोळ्या चालत नाहीत. हे बायकोला मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगतोय. त्या गोळ्यांची वाफ काही प्रकारच्या प्लास्टिकला खाते, आणि वास जायचं सोडाच, दोन वास होतात. उन्हात ठेवावं तर वास जातो आणि साडीचा रंगही जातो. अत्तर मारणं म्हणजे अंघोळ न करता पावडर लावण्यासारखं. खरा उपाय साधा आहे : झाकणाचा मोठा डबा, आत बाहुली, शेजारी वाटीत खायचा सोडा किंवा कापडी पुरचुंडीत दुकानातला ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे वास शोषणारा कोळसा. बाहुलीला सोडा लागू द्यायचा नाही. झाकण लावायचं आणि विसरून जायचं. दोन दिवस, आठवडा, वास किती मुरलाय त्यावर. नायलॉनचे केस असतील तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवायचे.

ह्या शेवटच्या वाक्यावर आमच्या घरात रणकंदन झालेलं आहे. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. न्हाणीघरात तीन पिंपं भरलेली असतात आणि त्यांचा हिशोब बँकेच्या पासबुकापेक्षा कडक असतो. अशा घरात नवरा तांब्याभर कोमट पाणी घेऊन बार्बीला न्हाऊ घालताना सापडला तर बायको काय म्हणेल? ती म्हणाली, "माझे केस मी रविवारपर्यंत थांबवलेत." एवढंच. पुढे दोन दिवस काही बोलली नाही.

असो. प्रश्न असा की धूर आला कुठून?

घरात ओढणारं कुणी नाही. निदान अधिकृतरीत्या नाही. सासरे, म्हणजे अप्पा, बार्शीहून मोतीबिंदूसाठी मार्चमध्ये आले ते दुसऱ्या डोळ्यासाठी थांबले आणि आता उन्हाळा सरेपर्यंत आहेत. ते झोपतात बाहुल्यांचं कपाट असलेल्या खोलीत. त्यांनी सिगारेट तीन वर्षांपूर्वी सोडली. छातीत दुखलं, डॉक्टरांनी दम दिला, त्यांनी देवाच्या पायावर हात ठेवून सोडली. मुलीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या दिवशी पेढे वाटले होते. आता जावयानं कोणत्या तोंडानं विचारायचं?

म्हणून मी अण्णांना बोलावलं. इथंच चुकलो.

अण्णा खालच्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षं बिडी कारखान्यात माल तपासायला होते. बायका घरून बिड्या वळून आणायच्या, अण्णा एकेक कट्टा बघायचे, हुंगायचे आणि नापास बिड्या दोन बोटांनी डावीकडे सारायचे. डावीकडे गेलेल्या बिडीचे पैसे नाहीत. साखर पेठेतल्या अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन हजारभर बिड्या वळायच्या, आणि अशाच कुणाच्या तरी दोन बोटांपुढं रोज थोड्या हरून यायच्या. "पान वलं होतं म्हणतोय मेला," एवढंच म्हणायच्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी त्या दोन बोटांना चहाला बोलावलं, कारण मला प्रमाणपत्र हवं होतं. तटस्थ माणसानं सांगावं, वास नाही, आणि मी ते पुण्याला कळवावं.

अण्णा संध्याकाळी आले ते आंघोळ करून. आल्याबरोबर म्हणाले, "वैनी, फोडणी बंद करा."

बायकोनं गॅस बंद केला. कढईतली मोहरी अर्धवट तडतडून गप्प झाली.

"पंखा बंद. उदबत्ती कुणी लावली? भाईर न्या. आन् पानी द्या, चूळ भराया."

चूळ भरून झाली. अण्णा चटईवर मांडी घालून बसले, खोकं पुढ्यात घेतलं, डोळे मिटले. अप्पा खुर्चीत डोळ्याला हिरवी पट्टी लावून पेपर वाचल्यासारखं करत होते. समोरच्या फ्लॅटमधल्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या, कारण स्केचपेनचं अक्षर त्यांनीही वाचलं होतं.

अण्णांनी आधी पुठ्ठा हुंगला. मग झाकण. मग बार्बी उचलली आणि तिचे केस नाकाशी धरले ते बराच वेळ. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस डोळे मिटून बार्बीच्या केसांत नाक खुपसून बसलाय हे दृश्य मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. दारातल्या दोघींपैकी एक पदर तोंडाला लावून आत पळाली.

"बिडी न्हाई," अण्णा म्हणाले.

मी सुटकेचा श्वास सोडला. "मी म्हणतच होतो..."

"बिडीला पानाचा वास असतोय. टेंभुर्णीचा."

टेंभुर्णी म्हटल्यावर मला पुणे रस्त्यावरचं गाव आठवलं. अण्णा म्हणाले, गाव न्हाई ओ, झाड. जिच्या पानात बिडी वळतात ती टेंभुर्णी. मग त्यांनी पान कसं भिजवायचं, कसं कापायचं, किती ओलं चालतं, यावर दहा मिनिटं घेतली. मोहरी कढईत गार होत होती.

"हे कागद जळाल्याचा वास हाय," ते मूळ मुद्द्यावर आले. "शिगरेट. फिल्टरची. पर रोजची न्हाई. दोन-तीन दिसाआड. रातच्याला." पुन्हा नाक साडीला. "फोडणी हाय, शेंगाचटणी कुटल्याली हाय, तिचा खकाणा बसलाय. ते चालतंय, ते घरचं." पुन्हा केस. आता कपाळाला आठी. "आन् ओढनाऱ्यानं मागनं बडीशेप खाल्लीय."

घरात बडीशेप कोण खातं हे लहान मुलानंही सांगितलं असतं. अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात पुडी असते. "पचनाला."

पेपर खाली आला नाही. पण पानही उलटलं नाही.

अण्णांनी बार्बी खाली ठेवली आणि दोन बोटांनी, अगदी सावकाश, डावीकडे सारली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला त्याचा अजून राग आहे. बायको आधी वडिलांवर चिडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्यावर चिडली. "अप्पांना घरी बोलावून माणसं आणून चौकशी करता? बाहुलीसाठी?" अप्पा उठले, पट्टी सारखी केली आणि म्हणाले, "पावणं, मानसं सांभाळा. बाहुली काय, आज हाय, उद्या फुटंल." आणि शेवटी माफी कुणी मागितली? मी. चहा कुणी केला? मी. वर निर्णय असा झाला की अप्पांना त्या खोलीत बाहुल्यांमुळं कोंदटल्यासारखं होतं, म्हणून कपाट हलवायचं. एकेचाळीस बाहुल्या आता हॉलमध्ये टीव्हीमागे आहेत, जिथं फोडणी थेट पोचते.

सिगारेट ओढतो म्हणून कुणाला पोरकट म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही. ती सवय. व्यसन म्हटलं तरी त्यात एक मर्दपणा. बाहुली मात्र नाद. शंकर म्हणून मोठे व्यंगचित्रकार होऊन गेले, त्यांनी १९६५ साली दिल्लीत बाहुल्यांचं संग्रहालय उघडलं. देशोदेशींच्या हजारो बाहुल्या, तिकीट काढून लोक बघायला जातात. ते मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे इमारत होती." यावर काय बोलणार? सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. घराला तो कायदा लागू नाही. आमच्या हॉलमध्ये दिवसाला जेवढी माणसं येऊन बसतात ते बघता, आमचं घर खासगी आहे हे कोर्टात सिद्ध करणं मला जड जाईल, पण सासऱ्यांची पावती फाडायची कुणी?

कोंडपल्लीच्या बाईला पाणी लावता येत नाही, रंग जाईल. तिला मी मऊ कोरड्या ब्रशनं झाडली. उलट्या हाताच्या सांध्यात पिवळा थर दिसला. तिथं ब्रश पोचत नाही.

गुरुवारी बायको जुळे सोलापूरला बहिणीकडं गेली. बार्बीच्या डब्यातला सोडा बदलत होतो, तर अप्पा दारात. इकडं तिकडं बघितलं.

"पावणं, ते सोड्यानं... कापडाचाबी वास जातोय का?"

"जातो."

"किती येळ लागतोय?"

"दोन-तीन दिवस तरी."

"सांजच्यापत्तुर न्हाई का होत?"

मी त्यांच्याकडं बघितलं. सदरा त्यांनी घडी घालून पाठीमागं धरला होता. खिशातली बडीशेपेची पुडी काढायची राहिली होती. बार्बीच्या डब्यात तर मी तो ठेवणार नव्हतोच. माळ्यावरून दुसरा डबा काढला, पिठाचा, झाकण घट्ट बसणारा. वाटीत सोडा घातला, जरा जास्तच घातला. सदरा आत ठेवला.

"त्यावर काय लिवू नका बरं का," अप्पा म्हणाले.

लाल स्केचपेनचं टोपण मी तोवर काढलं होतं.