दीडशे मीटर उरले होते, दीडशे!

२०१९ ला अर्ध्या रात्री जागून चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरता उतरता हरवलेला बघितला होता. म्हणून आज, २३ ऑगस्ट २०२३ ला, चांद्रयान-३ उतरताना बघायला वावरातून पाचलाच आलो, पाय धुतले आणि टीव्हीसमोर ठाण मांडलं. पावणेसहाला उतरायला सुरुवात. पडद्यावरची ती रेघ खाली खाली येऊ लागली, माय पण जप सोडून येऊन बसली. दीडशे मीटरवर यान थबकलं, आणि खट्ट! लाइट गुल.

शेतातली थ्रीफेज नसते, तिचं सुतक कधीच फिटलं. पण घरातल्या या सिंगल फेजला आजच, सहालाच मरायचं होतं? लाइनमनला सात फोन. उचलला नाही. कसा उचलंल, त्याच्या घरी लाइट असणार, बसला असंल बघत! मोबाइलवर नुसतं गोल चक्कर फिरतंय. ऐंशी लाख लोक एकाच वेळी यूट्यूबवर बघत होते म्हणे. पंतप्रधानांनी जोहान्सबर्गातून बघितलं. परभणी जिल्ह्यात बसून मला कशावरनं कळलं? मागच्या गल्लीत फटाके वाजले त्यावरनं! त्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरवाली माणसं मला आधीपासूनच आवडत नाहीत.

लाइट आली साडेदहाला. म्हटलं, आता तरी डोळे भरून बघू. तर सगळे अँकर रशियात! तिथल्या वॅग्नर या भाडोत्री फौजेचा म्होरक्या प्रिगोझिन, त्याचं विमान पडलं. दोन महिन्यांमागं मॉस्कोवर चालून निघालेला गडी, पडायला आजचाच मुहूर्त सापडला. अन् शनिवारी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क ठोकलं, ऑगस्ट कोरडा चाललाय, सोयाबीननं माना टाकल्या, ते सगळं खालच्या पट्टीत पळतंय. वाचेपर्यंत जाहिरात.

पाहुण्यांच्या ग्रुपवर तर सकाळीच झिम्बाब्वेचा जुना क्रिकेटपटू हीथ स्ट्रीकला श्रद्धांजली. माणूस जिवंत निघाला, तरी मेव्हण्याची पोस्ट तशीच, खाली अठरा जणांचे जोडलेले हात. त्यातली एक जोडी माझी आहे, आता काय लपवायचं.

‘चंद्रावर गेलो पण गावात लाइट नाही’ हे उद्या सकाळी दहा जण पाठवणार. त्यांनाही आत्ताच सांगून ठेवतो, मला पाठवू नका.

अकराला लाइनमनचा उलटा फोन. तोंडात शिव्या तयारच होत्या.

“काका, उतरलं का हो ते? मी पलीकडच्या गावात खांबावर होतो सहाला.”

मग काय. डोळ्यांनी बघितल्यासारखं सगळं सांगितलं त्याला. दीडशे मीटरवर थबकलं कसं, ते तर दोनदा.