महागाईचा दर उतरला, भाव नाही उतरले

२०२४ च्या ऑगस्टातला तो आठवडा मला अजून जसाच्या तसा आठवतो. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो, म्हणजे रॅली शहराला अगदी लागून, आणि त्या एका आठवड्यात राष्ट्राध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार अर्थव्यवस्थेवर बोलायला आमच्या राज्यात आले होते. बुधवारी १४ तारखेला ट्रम्प ॲशव्हिलला, शुक्रवारी १६ ला कमला हॅरिस रॅली शहरात, वेक टेक कम्युनिटी कॉलेजात. मला आदल्या वर्षीच सिटिझनशिप मिळाली होती, राष्ट्राध्यक्षासाठी पहिलंच मत द्यायचं होतं, त्यामुळे मी ठरवलं होतं की टीव्हीवर लोक काय म्हणतात ते नंतर, आधी दोन्ही भाषणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. रात्री भांडी आवरून झाली की लॅपटॉप घेऊन बसायचे.

ऐकली, आणि मग टीव्ही लावला, तर मला वाटलं मी भलतंच काहीतरी ऐकलं की काय.

ॲशव्हिलचं भाषण अर्थव्यवस्थेवरचं म्हणून जाहीर झालेलं होतं. ट्रम्प स्वतःच मधे म्हणाले की लोक म्हणतात हा सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे, मला तशी खात्री नाही. पण त्याच भाषणात त्यांनी वीज आणि इंधनाचे दर बारा महिन्यांत, फार तर अठरा महिन्यांत निम्मे करायचं वचनही दिलं होतं. निम्मे! माझं विजेचं बिल मला पाठ आहे, त्यामुळे मी तिथे पॉज करून मागे जाऊन परत ऐकलं. हे कसं करणार, विजेचे दर राज्याचं कमिशन ठरवतं, राष्ट्राध्यक्ष नाही, मग वॉशिंग्टनमधून ते निम्मे कसे होणार, हा साधा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. मी त्या रात्री जेवढं पाहिलं त्यात सगळी चर्चा भाषण स्क्रिप्टवरून किती वेळा भरकटलं याचीच.

हॅरिसच्या भाषणाचंही तेच. किराण्यातली नफेखोरी रोखायला देशपातळीवर कायदा, पहिलं घर घेणाऱ्याला डाउन पेमेंटसाठी २५,००० डॉलरची मदत, चार वर्षांत ३० लाख नवी घरं, बाळाच्या पहिल्या वर्षी ६,००० डॉलरची टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्समधली सवलत. त्याच सुमारास न्यूयॉर्क पोस्टच्या पहिल्या पानावर कम्युनिझममध्ये कमला मिसळून केलेला मथळा, वॉशिंग्टन पोस्टच्या संपादकीयात 'गिमिक्स'. आता नफेखोरीच्या कायद्याबद्दल मलाही शंका होत्याच, किराणा दुकानांचा निव्वळ नफा विक्रीच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो, मग जास्त नफा नेमका कुठे मोजणार, दुकानात, कंपनीत की कत्तलखान्यात, हे त्यांनी सांगितलंच नाही. पण ज्या राज्यात उभं राहून त्या बोलत होत्या त्याच आमच्या राज्यात चक्रीवादळाची आणीबाणी जाहीर झाली की नफेखोरीविरुद्धचा कायदा लागू होतो, दीड महिन्याने हेलीन चक्रीवादळ आलं आणि तेच ॲशव्हिल पाण्याखाली गेलं तेव्हा लागू झालाही. त्याला इथे कुणी कम्युनिझम म्हणत नाही. या दोन कायद्यांत फरक काय, हे दहा मिनिटं नीट समजावलं असतं तर माझ्यासारख्या नव्या मतदाराचं केवढं काम झालं असतं.

आणि घरांचं बघा. सगळीकडे २५,००० चा आकडा. घरंच कमी असताना प्रत्येकाच्या हातात २५,००० जास्त दिले तर विकणारा भाव वाढवणार हे कुणालाही कळतं, म्हणून तर त्या प्लॅनमधला खरा जीव ३० लाख घरांत होता, आणि ती बांधणार कशी हाच विचारण्यासारखा प्रश्न होता. ते मथळ्यात आलंच नाही.

हे आजचं नाहीये. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतले मिट रॉमनी डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड स्टेडियममध्ये टॅक्सवर मोठं भाषण द्यायला गेले. ६५,००० खुर्च्यांचं स्टेडियम आणि ऐकायला साधारण १,२०० माणसं. बातमी झाली रिकाम्या खुर्च्यांची, आणि बायको दोन कॅडिलॅक चालवते म्हणाले त्याची. टॅक्स कुणाचा कमी होणार होता ते आज कुणाला आठवतंय? डॅनियल हॅलिन नावाच्या अभ्यासकाने मोजून ठेवलंय, की १९६८ मध्ये संध्याकाळच्या बातम्यांत उमेदवाराचं स्वतःचं बोलणं सरासरी ४३ सेकंद सलग दाखवायचे, १९८८ पर्यंत ते ९ सेकंदांवर आलं. नऊ सेकंदांत टॅक्स कसा समजावणार कुणी!

पण मला मीडियापेक्षा जास्त बोलायचंय ते लोकांबद्दल, कारण मीडियाला शिव्या देणं सोपं आहे आणि तेवढ्याने भागत नाही.

मी एका डेंटल क्लिनिकमध्ये अकाउंट्स बघते. आमच्या फ्रंट डेस्कवरची मुलगी, दोन लेकरं, एकटी सांभाळते. त्याच बुधवारी सकाळी जुलैचे महागाईचे आकडे आले होते, २.९ टक्के, मार्च २०२१ नंतर पहिल्यांदा तीनच्या खाली. लंचला टीव्हीवर तज्ज्ञ खूश होऊन सांगत होते की महागाई आटोक्यात आली. तिने हातातला चमचा खाली ठेवला, पर्समधून आदल्या दिवशीची किराण्याची पावती काढली आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवली. काही बोलली नाही. दूध, अंडी, ब्रेड, चिकन, सीरियल, डायपर, एवढंच. तीन-चार ठिकाणी पेनाने गोल केले होते. मी विचारलं हे गोल कसले, तर म्हणाली, पुढच्या वेळी हे घ्यायचं नाही.

तिथे मला कळलं की गडबड नेमकी कुठे होतेय. महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला. भाव तिथेच आहेत, वरच्या वर. २०२१ च्या सुरुवातीपासून तोपर्यंत सगळं मिळून साधारण २० टक्के चढले होते आणि ते काही उतरणार नव्हते. अर्थतज्ज्ञाचा आकडाही खरा, तिची पावतीही खरी. पण टीव्हीवरचा माणूस 'महागाई कमी झाली' म्हणतो तेव्हा तिच्या कानावर पडतं की तू खोटं बोलतेयस. एकदा असं वाटलं की मग त्या माणसाचं पुढचं काहीही माणूस ऐकून घेत नाही. हॅरिसच्या भाषणात खरं तर होतं की ब्रेड कोविडच्या आधीपेक्षा ५० टक्के महाग झालाय, खिम्याचंही जवळपास तेच. म्हणजे त्यांना दिसत होतं. पण त्या उपराष्ट्राध्यक्ष, सरकार त्यांचंच होतं ना, मग तिच्या मनात पहिला प्रश्न हाच की इतके दिवस काय केलंत. आणि त्या भाषणाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ट्रम्पनी न्यू जर्सीत किराण्याचं सामान टेबलांवर मांडून पत्रकार परिषद घेतली. त्यात धोरण किती होतं ते जाऊ दे, चित्र तिच्या पावतीचंच होतं. आपल्याकडे कांद्याचं जे होतं तेच इथे अंड्यांचं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी गणपती बसले. ५ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या इकॉनॉमिक क्लबमध्ये रेश्मा सौजानी यांनी ट्रम्पना विचारलं होतं की चाइल्ड केअर परवडावं म्हणून नेमका कोणता कायदा आणणार, आणि दोन मिनिटांच्या त्या उत्तरात बाकी काही नाही, टॅरिफमधून, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरच्या करातून, इतका पैसा येईल की त्यापुढे चाइल्ड केअरचा खर्च काहीच नाही, एवढंच हाती लागलं. ७ तारखेला आरती झाल्यावर प्रसादाच्या लाइनीत सगळ्यांच्या फोनवर तीच क्लिप. सगळे हसत होते. मला हसू येईना. माझ्या मुलीच्या डेकेअरला एक काळ असा होता की घराच्या हप्त्यापेक्षा जास्त पैसे जायचे. त्या लाइनीत निम्म्यांची लेकरं डेकेअरला होती, कितीतरी जण एच-वन-बी व्हिसावर, मत नाही पण खर्च सगळा तोच. उत्तर गोंधळाचं होतं हे सगळ्यांना दिसलं, पण टॅरिफ भरतो कोण हे त्या हशात एकानेही विचारलं नाही. मीही नाही विचारलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

नोव्हेंबरात काय झालं ते माहितीच आहे. एक्झिट पोलमध्ये दोन तृतीयांश लोकांनी अर्थव्यवस्था वाईट आहे म्हटलं. आमच्या राज्याने राष्ट्राध्यक्ष म्हणून ट्रम्पना आणि त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नर म्हणून हॅरिसच्याच डेमोक्रॅट पक्षाच्या जॉश स्टाइनना निवडलं. यावरून तरी लोक डोळे झाकून मत देतात असं म्हणू नका. लोक विचार करतात, फक्त विचार करायला जे सामान लागतं ते त्यांच्यापर्यंत धड पोचत नाही.

आता टॅरिफचं. आमच्या ओळखीतल्या एक वैनी घरातून छोटा बिझनेस करतात, खणाची ब्लाउजं, साड्या, सोलापूरच्या चादरी. २०२५ च्या ऑगस्टात भारतीय मालावर आधी २५ आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के टॅरिफ लागलं, आणि त्यांचा दिवाळीचा माल नेमका त्यानंतर पोचला. त्यांनी मला बोलावलं, म्हणाल्या तू अकाउंट्सवाली, जरा बघ गं, कस्टम्सचं काम बघणाऱ्या ब्रोकरने काहीतरी चुकवलंय. डायनिंग टेबलावर ते कागद पसरले. मालाची किंमत, त्याखाली नेहमीची ड्यूटी, त्याखाली २५ टक्क्यांची एक ओळ, त्याखाली अजून एक २५ टक्क्यांची. वर इंपोर्टरच्या रकान्यात त्यांच्याच कंपनीचं नाव. मी दोनदा बेरीज केली. चूक नव्हती.

"पण हे तर तिकडच्यांनी भरायचं असतं ना?"

मी म्हटलं, नाही वैनी, जो माल आत आणतो त्याने भरायचं, म्हणजे तुम्ही, आणि मग तुमच्याकडून चादर घेणारी मी. हॅरिसनी रॅली शहरातल्या त्याच भाषणात सांगितलं होतं की ट्रम्प म्हणतात तसं टॅरिफ लागलं तर घरटी वर्षाला ३,९०० डॉलर जातील. तो आकडा एवढाच निघाला असता की कमी-जास्त हा वाद वेगळा, पण पैसे इथल्या घरातून जाणार हे त्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

वैनी कागद गोळा करत होत्या. म्हणाल्या, "अगं ऐकला होता की तो आकडा, टीव्हीवर आला होता. मला वाटलं इलेक्शनमधला आकडा आहे, बोलतात तसं."