पोटात एक, ओठात एक

वजन वाढलं की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. एक म्हणतो साखर सोडा, दुसरा तेल सोडा, तिसरा रात्रीचं जेवणच सोडा. तिघांचं ऐकलं तर संसार सोडणं तेवढं बाकी राहतं. पण या मंडळींचा एक गुण मानायला हवा, ते काही विचारत नाहीत. आहारतज्ज्ञ बाई विचारतात. त्यासाठी रीतसर शिकून, परीक्षा देऊन आलेल्या असतात.

माझी अपेक्षा माफक होती. छापील तक्ता मिळेल, तो फ्रीजला चिकटवू आणि फ्रीज उघडत राहू. बाईंनी तक्त्याचं नावच काढलं नाही. रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्या, झोप, कामाच्या वेळा, स्वयंपाक कोण करतं, सगळं टिपून घेतलं. कंबरेला टेप लावताना मी पोट आत ओढलं, तर शांतपणे म्हणाल्या, "श्वास सोडा. मी थांबते."

मग आला तो प्रश्न : "गेल्या 24 तासांत काय काय खाल्लंत?"

"चहा, जेवण, चहा, जेवण," मी म्हणालो. सुटलो असं वाटलं, पण ती नुसती पहिली फेरी होती. दुसरी फेरी विसरलेल्यांची. चहाबरोबर काही? टीव्ही बघताना? मुलांच्या ताटात उरलेलं? ओट्यापाशी उभ्या उभ्या? (उभ्यानं खाल्लेलंही मोजतात, हे आधी सांगायला काय हरकत होती?) त्यानंतर ड्रॉवरमधून वाट्या निघाल्या. "यातली तुमची कुठली?" मी सगळ्यांत लहान वाटीकडे बोट दाखवलं. बाईंनी काही न बोलता मोठी वाटी माझ्यापुढे सरकवली आणि पेन उचललं. साखरेचा चमचा सपाट की शिगोशीग? तेल मोजून की धार धरून? पिष्ट आणि प्रथिनं ग्रॅमला 4 कॅलरी देतात, तेल-तूप 9. अंदाजानं धरलेली माझी धार कागदावर उतरली तेव्हा त्यात वेगळं जेवण निघालं. मीठही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, पाकिटातल्या पदार्थांतलं धरून. एवढ्याशा मिठाला माणूस जागणार तरी किती!

खरा दगा रक्तानं दिला. चाचणीच्या आधी मी ऋषितुल्य राहिलो होतो. पण लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढा काळ साखर त्यांना चिकटत राहते. त्यामुळे एचबीएवनसी नावाची ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. म्हणजे चित्रगुप्त आतच बसलेला, आणि आपण बाईंपुढे पावित्र्याचा आव आणतोय.

आता काय काय बंद होणार म्हणून मी अंग चोरून बसलो. बाईंनी उलटंच विचारलं, "काय सुटणार नाही?"

"संध्याकाळची बिस्किटं."

"राहू द्या. दोन. ताटलीत काढून, बसून खायची. पुडा बाहेर आणायचा नाही."

इथे माझा कणाच मोडला. बंदी असती तर ती मोडण्यात काही मजा होती. परवानगी असलेलं बिस्किट चोरून कसं खायचं?

वर एक वही दिली. तोंडात टाकण्याआधी लिहायचं. लिहायच्या आळसापायी निम्मं खाणं टळतं. घरच्यांना मात्र ती वही वाचायचा नाद लागलाय. काल माझ्या नोंदीखाली दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात एक ओळ सापडली : 'रात्री 11. ओट्यापाशी. उभ्यानं.'