ओम पुरी, जरा दोन मिनिटं थांबा

'भारत एक खोज' या मालिकेचं नाव काढलं की आमच्या पिढीतला कुठलाही माणूस जागच्या जागी हळवा होतो. मान तिरकी करतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "आहाहा! सृष्टि से पहले..." मग 'सत' आधी की 'असत' आधी इथे अडकतो, हात हवेत फिरवून वेळ मारून नेतो आणि विषय जेवणाकडे वळवतो.

माझं दुखणं नेमकं इथून सुरू होतं. मला टायटल नकोय. म्हणजे हवंय, पण ते आहे. ते सगळ्यांकडेच आहे. माझ्या एका मित्राची रिंगटोनसुद्धा तीच आहे. त्याला बँकेतून हप्त्याच्या तगाद्याचा फोन आला तरी आधी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त वाजतं आणि मगच तो फोन कट करतो. मला हवंय ते टायटल संपल्यानंतरचं. दरबार भरताना वाजतं ते. सैन्य निघताना वाजतं ते. राजा खिडकीशी उभा राहून नुसताच बाहेर बघतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे कुठून तरी हळूच वर येतं ते.

श्याम बेनेगलांची ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झाली. ५३ भाग. सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा पसारा. नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज, सदाशिव अमरापूरकर जोतिबा फुले, आणि महाभारत सांगायला साक्षात तीजनबाई, हातात तंबुरा घेऊन. या सगळ्याला संगीत मात्र एकाच माणसाचं, वनराज भाटियांचं. वेदकाळालाही त्यांचंच आणि पारतंत्र्यालाही त्यांचंच. मुंबईत जन्मलेला हा माणूस लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्ये शिकला, मग पॅरिसला नादिया बूलांजे बाईंकडे गेला. या बाईंच्या हाताखालून एरन कोपलंडपासून फिलिप ग्लासपर्यंत कोण कोण संगीतकार गेले, ते पाश्चात्त्य संगीतवाले कानाला हात लावून सांगतात. तिथून परत येऊन भाटियांनी दिल्ली विद्यापीठात शिकवलं आणि जाहिरातींच्या जिंगल्स केल्या, त्याही हजारोंनी. लिरिलच्या जाहिरातीतलं 'ला ला ला' त्यांचंच. म्हणजे धबधब्याखाली नाचणारी ती मुलगी आणि मालिकेतल्या भागांच्या शेवटी येणारं हिरण्यगर्भ सूक्त, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेलं आहे. हे कळल्यापासून मी आंघोळीला जरा जास्त आदराने जातो.

आता माझाच इतका जीव का जळतो, असं कुणी विचारेल. तर मी नगरचा. (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय.) पंडित नेहरूंनी ज्या पुस्तकावरून ही मालिका झाली ते पुस्तक आमच्या किल्ल्यात बसून लिहिलं, १९४४ साली. स्वखुशीने बसले नव्हते, इंग्रजांनी बसवले होते, पण बसले आमच्याकडे हे खरं. ते लिहीत होते तेव्हा माझे आजोबा किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर किराणा विकत होते. या नात्याने मालिकेच्या संगीतावर आमच्या घराण्याचा थोडा तरी हक्क पोचतो असं माझं प्रामाणिक मत आहे. वकील मित्राचं मत वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

पहिला प्रयत्न पुण्यात केला, कॅसेटची दुकानं धडधाकट होती तेव्हा. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काय देऊ?"

"भारत एक खोजचं संगीत."

"गाणी का?"

"गाणी नाही हो. मागचं."

"मागचं म्हणजे बी साइड?"

"नाही. पार्श्वसंगीत. लोक बोलत असतात, त्यांच्या मागे चालू असतं ते."

"कसं आहे? म्हणून दाखवा."

इथे मी फसलो. गाणं म्हणून दाखवता येतं; त्याला शब्द असतात, मुखडा असतो, कुठेही सोडलं तरी समोरच्याला दिशा कळते. पार्श्वसंगीत म्हणून दाखवणं हा माणसाला लाज आणणारा प्रकार आहे. मी खालच्या पट्टीत "आँऽऽ" लावला. मग "इथे बायका येतात" असं सांगून वरच्या पट्टीत "आँऽऽ" लावला. दोन्ही आवाज एकदम हवे होते, पण गळा एकच. मग काउंटरच्या काचेवर बोटांनी पखवाज वाजवला. शेजारी लावणीची कॅसेट घेणारे गृहस्थ थांबून ऐकू लागले, एका बाईंनी मुलाला जवळ ओढलं. दुकानदाराने मात्र शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि आतल्या पोराला हाक मारली, "अरे, ती भजनं कुठे ठेवलीयत बघ."

मी देशभक्तिपर गीतं आणि अथर्वशीर्ष घेऊन घरी आलो. अथर्वशीर्ष आईला आवडलं.

त्याच सुमाराला आलेल्या 'मिर्झा गालिब' मालिकेच्या कॅसेट्स मात्र घरोघर होत्या. जगजीत सिंग, चित्रा सिंग. छान आहेत, माझ्याकडेही आहेत, तक्रार नाही. पण त्या गझला होत्या. गझलेला सुरुवात असते, शेवट असतो, कव्हरवर गाणाऱ्याचा फोटो छापता येतो. राजा खिडकीशी उभा आहे आणि त्याचं कशात लक्ष लागत नाहीये, या पाऊण मिनिटाच्या सुरावटीच्या कव्हरवर काय छापणार? खिडकी?

जपानी लोकांचा मला या बाबतीत फार राग येतो. त्यांची एनएचके, म्हणजे त्यांचं दूरदर्शन, १९६३ पासून दरवर्षी एक ऐतिहासिक मालिका काढते, रविवारी रात्री लागते आणि वर्षभर चालते. टायटलचं संगीत बहुतेक वेळा एनएचकेचाच सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवतो. आणि मालिका चालू असतानाच तिच्या पार्श्वसंगीताचा पहिला भाग विक्रीला येतो. मग दुसरा. लोकांचं पोट भरलं नाही तर तिसरा. प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव. सामुराई उठला, एक ट्रॅक. सामुराई पुन्हा बसला, दुसरा ट्रॅक. आणि आमच्याकडे अख्खा कलिंग जिंकून झाला, तरी कव्हर नाही.

मधल्या काळात मालिकेचे सगळे भाग बघायला मिळू लागले, तेव्हा मी हे काम शास्त्रशुद्ध पद्धतीने हातात घेतलं. एक वही केली. कुठल्या भागात, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत कुणीही बोलत नाही, याची नोंद. बायको या वहीला मौनसूची म्हणते. तिच्या मते अशी वही आमच्या घराबाबत ठेवायला हवी होती.

या वहीने मला इतिहासाकडे बघायची नवी दृष्टी दिली. सम्राट कोण, साम्राज्य केवढं, याच्याशी मला देणंघेणं उरलं नाही. गप्प राहणारा राजा तो चांगला राजा. आणि या देशाच्या इतिहासात माझा सगळ्यात जास्त छळ कुणी केला असेल तर तो दासींनी. दृश्य लागतं. महाल. शांतता. दुरून स्वर येतात, एकावर एक चढत जातात, मी श्वास रोखून हेडफोन दाबून धरतो. आता, आता तो समूहस्वर फुटणार, एवढ्यात पडदा बाजूला होतो आणि दासी येऊन म्हणते, "महाराज..." अगं, थांब ना बाई! दोन हजार वर्षं थांबलीस, अजून अर्धं मिनिट थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

दासीने सोडलं तर ओम पुरी धरतात. या मालिकेत ते अशोक आहेत, अलाउद्दीन खिलजी आहेत, औरंगजेब आहेत, आणि उरलेल्या वेळात निवेदन त्यांचंच. थोर नट, थोर आवाज. पण मला पाहिजे ते नेमकं त्या आवाजाच्या खाली दबलेलं आहे. सोफ्याखाली गेलेलं नाणं काढताना आपण सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याकडे जसे बघतो, तसा मी ओम पुरींकडे बघत असे.

मग भाचा म्हणाला, "मामा, त्यात काय, आता सॉफ्टवेअर आलंय. गाण्यातून आवाज वेगळा काढतं आणि संगीत वेगळं." लॅपटॉप घेऊन आला. आम्ही मुद्दाम एक झक्कास तुकडा निवडला: वर ओम पुरींचं निवेदन, खाली समूहगान, मधून पखवाज. फाइल टाकली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि दोन फाइली बाहेर पडल्या. एकीचं नाव 'आवाज', दुसरीचं 'संगीत'. माझे हात थरथरत होते. भाच्याने 'संगीत' लावली.

थप. शांतता. थप थप. मोठी शांतता. मग एका घोड्याच्या टापा. डावीकडून उजवीकडे गेल्या. थप.

"कोरस कुठाय?" मी विचारलं.

भाच्याने दुसरी फाइल लावली. कोरस तिथे होता. ओम पुरींच्या मांडीला मांडी लावून. सॉफ्टवेअरने साधा विचार केला होता: गळ्यातून निघतं ते सगळं आवाज, उरलेलं संगीत. बारा बलुतेदारांसकट सगळी माणसं एका खोलीत आणि घोडा अंगणात. आणि भाटियांच्या त्या तुकड्याचा सगळा जीव तर गळ्यांतच होता. मी डोकं धरून बसलो. भाचा मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "पण मामा, घोडा किती क्लिअर आलाय बघ."

त्याने मग काय काय सेटिंग बदलून पाहिली. एकात ओम पुरी विहिरीतून बोलत होते. एकात कोरस विहिरीत आणि ओम पुरी काठावर. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आधी ते कोण बुडतंय त्यांना वर काढा, आणि मग जेवायला या."

खरा उपाय एकच. संगीत आधी स्वतंत्र रेकॉर्ड होतं, मग संवाद आणि बाकीच्या आवाजांत मिसळलं जातं. न मिसळलेली मूळ टेप हाती आली तर प्रश्न मिटला. पण तिथेही वाचून ठेवलंय मी. जुन्या चुंबकी टेपेवरचा लेप हवेतला दमटपणा शोषून चिकट होतो आणि टेप वाजवायला गेलं तर हेडला चिकटून रडते. मग ती पन्नासेक अंशांवर काही तास संथपणे भाजून काढतात. खरंच भाजतात. त्यानंतर काही दिवस ती नीट वाजते, तेवढ्यात तिची प्रत करून घ्यायची. हे मी जेवताना उत्साहाने सांगितलं तर बायको लगेच म्हणाली, "माझ्या ओव्हनमध्ये नाही."

"अगं, टेप कुठे आहे आपल्याकडे?"

"मिळाली तर. आधीच सांगून ठेवते. त्यात नानकटाई होते."

शेवटी वकील मित्राला गाठलं. म्हटलं, किल्ल्याचा मुद्दा सोड, पण एवढं सांग, हे कधी तरी सगळ्यांसाठी खुलं होईल की नाही? त्याने चहा मागवला, माझ्याच खर्चाने, आणि समजावलं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून साठ वर्षं. मी मनात मालिका संपली त्या १९८९ मध्ये साठ मिळवले आणि उजळलो. २०४९! तब्येत सांभाळली तर जमण्यासारखं आहे.

"ते रेकॉर्डिंगचं झालं," तो म्हणाला. "रचनेचा हक्क वेगळा. तो संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं. भाटिया कधी गेले?"

"मे २०२१."

"मग २०८१ संपू दे. १ जानेवारी २०८२ला काय ते वाजव."

तेव्हा मी शंभरी ओलांडून बराच पुढे गेलेला असेन, आणि कान तर आत्ताच डावा कमी ऐकतो. म्हटलं, मग मृत्युपत्रातच घालतो. मित्राने चहाचा घोट घेत मान हलवली. त्याची फी होतीच त्यात. मी घरी येऊन मजकूर केला: माझी मौनसूची, हेडफोन, दोन्ही फाइली (घोड्यासकट) आणि हे संगीत पूर्ण स्वरूपात मिळवण्याचा माझा मनोदय, हे सर्व माझ्या मुलीकडे जावं, तिच्यानंतर तिच्या मुलांकडे, आणि १ जानेवारी २०८२ रोजी सकाळी त्यांनी पुढील कार्यवाही करावी.

मुलीने कागद दोन्ही बाजूंनी नीट वाचला.

"बाबा, हे सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "पण यात फ्लॅटचं काहीच लिहिलेलं नाहीये."