‘हलका ड्रोन बिनधास्त आणा’ सांगणाऱ्या निरोपाला उत्तर

परदेशातून कोकणात गावी येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक निरोप व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर साधारण असा: ‘२५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला भारतात नोंदणी लागत नाही. अमेरिकेची किंवा युरोपची नोंदणी असेल तर तीच चालते. विमानतळावर ग्रीन चॅनलने बाहेर या. समुद्रावर १२० मीटरच्या खाली उडवा, कोणी अडवत नाही.’

निरोप पुढे ढकलणाऱ्याचं काही जात नाही. लाखभर रुपयांचा ड्रोन जातो तो मस्कतहून किंवा न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याचा. म्हणून एकेक वाक्य तपासू. सुरुवात शेवटून दुसऱ्या वाक्याने, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं.

‘ग्रीन चॅनलने बाहेर या.’ हे अजिबात करू नका. परकीय व्यापार महासंचालनालयाने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तयार ड्रोन असो की जोडणीसाठी सुटा केलेला संच, दोन्ही बंद. सूट आहे ती संशोधन-विकास, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी. सुटे भाग आणायला मोकळीक आहे, पण सुट्टीत हौसेने उडवायला आणलेला ड्रोन या सुटीत कुठेच बसत नाही. या बंदीत वजनाची अट नाही. २४९ ग्रॅम आणि अडीच किलो, दोघांना एकच न्याय. पाहुण्याकडे भारतीय पासपोर्ट असला म्हणूनही फरक पडत नाही. प्रश्न माणसाचा नाही, वस्तूचा आहे.

ग्रीन चॅनल म्हणजे ‘सांगण्यासारखं काही नाही’ असं जाहीर करणं. एक्स-रेमध्ये चार पंखे दिसले की ते विधान खोटं ठरतं. मग माल जप्त होतो, वर दंडही होऊ शकतो.

ड्रोन घेऊन निघालाच असेल तर सुरक्षित मार्ग एकच: रेड चॅनलला जायचं, ड्रोन आहे असं स्वतःहून सांगायचं आणि ‘कस्टम्स कायद्याच्या कलम ८० खाली ठेवून घ्या, परत जाताना नेतो’ अशी विनंती करायची. खरी घोषणा केलेल्या बंदी असलेल्या वस्तूसाठी कायद्यात ही सोय आहे. पावतीवर ड्रोनचा आणि रिमोटचा सिरीयल नंबर, बॅटऱ्या किती, चार्जर आहे की नाही, हे सगळं लिहून घ्या. नुसतं ‘ड्रोन १ नग’ असं लिहिलं असेल तर परत घेताना तिसरी बॅटरी कुणाची हा वाद मिटवता येत नाही. पावतीचा फोटो घरच्यांना पाठवून ठेवा.

घोळ होतो तो परतीच्या दिवशी. ड्रोन मुंबईत ठेवला आणि परतीचं विमान गोव्यातल्या मोपा विमानतळावरून असेल, तर तो आपोआप मोप्याला येत नाही. असा पाहुणा असेल तर त्याच कलमानुसार त्याने अधिकार दिलेला, भारताबाहेर जाणारा दुसरा प्रवासी ड्रोन नेऊ शकतो, किंवा पाहुण्याच्या नावे तो कार्गोने पाठवता येतो. दोन्हींत धावपळ आहे. विमान मुंबईचंच असलं तरी नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचा आणि चेक-इन करण्यापूर्वी कस्टम्सला पावती दाखवा. ड्रोन हातात आल्यावर सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत हव्यात. चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत.

‘२५० ग्रॅमच्या आत नोंदणी नाही.’ हे वाक्य कुठून आलं ते कळतं. अमेरिकेत निव्वळ हौसेसाठी उडवलेल्या इतक्या हलक्या ड्रोनला नोंदणी माफ आहे. आपल्याकडेही २०१८ च्या जुन्या नियमांत ५० फुटांपर्यंत उडणाऱ्या नॅनो, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या, ड्रोनला ओळख क्रमांकातून सूट होती. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत ती राहिली नाही. आता नॅनोला टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलला मिळणारी मान्यता) आणि पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, विमाही सक्तीचा नाही. पण ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, लागतो. लोक या गोष्टींची सरमिसळ करतात. बिनानोंदणी उडवल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत जातो.

वजनही खोक्यावर छापलेलं धरू नका. नियम उडताना असलेलं एकूण वजन मोजतो. २४९ ग्रॅमच्या मॉडेलला मोठी बॅटरी लावली की काटा २९० च्या आसपास जातो आणि ड्रोन ‘मायक्रो’ या वरच्या वजनगटात सरकतो. पंख्यांचे गार्ड लावले तरी तेच.

‘परदेशी नोंदणी चालते.’ नाही चालत. १९४४ च्या शिकागो कराराचं आठवं कलमच सांगतं की वैमानिकाविना उडणारं विमान दुसऱ्या देशावर त्या देशाच्या खास परवानगीशिवाय नेता येत नाही. अमेरिकी पाहुण्याला युरोपातही तिथली नोंदणी नव्याने करावी लागते.

‘समुद्रावर १२० मीटरच्या खाली कुठेही.’ किनारपट्टीवर पाय घसरतो तो इथे. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागात, १२० मीटर म्हणजे ४०० फूट, हे खरं. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये मर्यादा २०० फूट आहे, ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाणच नाही. हे अंतर हवाई मोजायचं, रस्त्याचं नाही. देवबागहून चिपी विमानतळाला गाडीने जायचं तर कर्ली खाडीला मोठा वळसा पडतो, म्हणून विमानतळ लांब वाटतो. नकाशावर सरळ रेघ ओढली की तो खाडीपलीकडे लगेच दिसतो. झोनचा नकाशा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर बघा आणि त्याच दिवशी बघा, कारण पोलीस एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोनला बंदी असलेला भाग, जाहीर करू शकतात. ड्रोनच्या ॲपमधला नकाशा कंपनीचा असतो, सरकारचा नव्हे.

उंचीचीही एक फसगत आहे. ॲप उंची दाखवतं ती उड्डाण केलेल्या जागेपासून. ८० मीटर उंच सड्यावरून ड्रोन सोडला, ६० मीटर वर नेला आणि कड्याबाहेर काढला, की स्क्रीनवर ६० च दिसतात. खालच्या पुळणीपासून मात्र तो १४० मीटरवर असतो.

आणि समुद्र म्हणजे मोकळं रान नव्हे. प्रादेशिक सागरावरही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या भारताच्या समुद्रावरही, रेड झोन असू शकतो. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा हे केंद्र-संरक्षित किल्ले आहेत. तिथे झोन हिरवा असला तरी पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी लागते.

पाहुण्याला गावच्या घराचं, आगराचं, खाडीचं चित्रण हवंच असेल तर ड्रोन तिकडेच ठेवून यायला सांगा आणि इथला ऑपरेटर घ्या. आगाऊ पैसे देण्याआधी त्याच्याकडे तीन गोष्टी मागा: ड्रोनचा यूआयएन, २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन असेल तर पायलटचं प्रमाणपत्र, आणि त्याच ड्रोनचा तृतीय पक्ष विमा. पैसे घेऊन केलेलं उड्डाण व्यावसायिक धरलं जातं, तेव्हा ‘मायक्रोला हौसेसाठी प्रमाणपत्र लागत नाही’ हे त्याचं उत्तर ऐकून घेऊ नका. यूआयएन कागदावर एक आणि आणलेला ड्रोन दुसरा, असंही होतं. सिरीयल नंबर ड्रोनवरच ताडून बघा.