पुढची मावशी कोण?

‘अशी ही बनवाबनवी’ नव्या नटांना घेऊन पुन्हा करावा का, असं आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं आणि दोन दिवस नुसता गदारोळ झाला. ‘हात लावू नका’, ‘लक्ष्या एकच’, ‘पाप लागेल’. मी लिहिलं, करावा, जरूर करावा, आणि आधी नाटक म्हणून करावा. त्यावर ठाण्याच्या एका मित्राचं उत्तर आलं, ‘तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.’ ते वाक्य डोक्यातून जात नाही.

1988 चा तो सिनेमा, भाड्याच्या घरासाठी लक्ष्या पार्वती आणि सचिन सुधा होतो तो, मलाही तोंडपाठ आहे. पण ज्याला हात लावायचा नाही म्हणता, तो स्वतःच 1966 च्या ‘बीवी और मकान’वरून बेतलेला. हृषीकेश मुखर्जींच्या चित्रपटाला तेव्हा कुणी असंच सोवळ्यात ठेवलं असतं, तर धनंजय माने जन्मालाच आले नसते. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांनी त्यात आपला जीव ओतला, म्हणून तो आपला झाला. जीव ओतायची मुभा त्या तिघांना होती, मग पुढच्यांना का नाही?

मी इंग्लंडमध्ये, सफक परगण्यात राहतो. शनिवारी बाजाराला बरी सेंट एडमंड्सला जातो. तिथल्या थिएटर रॉयलमध्ये 29 फेब्रुवारी 1892 ला ‘चार्लीज आंट’ या विनोदी नाटकाचा पहिला प्रयोग झाला. डब्ल्यू. एस. पेनलीने झगा घालून मावशी उभी केली, त्याच वर्षी नाटक लंडनला गेलं आणि तिथे 1,466 प्रयोग झाले. तीच मावशी आचार्य अत्र्यांनी लुगडं नेसवून ‘मोरूची मावशी’ म्हणून मराठीत आणली. बापूराव मान्यांनी ती केली, मग ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी केली, त्यांच्यानंतर भरत जाधवांनी. ‘टांग टिंग टिंगा’ म्हटलं की माझ्या पिढीला विजय चव्हाणच दिसतात. पण मान्यांची मावशी पाहिलेल्या एखाद्या आजोबांनी तेव्हा ‘माने एकच’ म्हणून पडदा वर जाऊ दिला नसता, तर? आपल्या बालपणातला केवढा मोठा हशा आपल्याला मिळालाच नसता. हे माझ्या मित्राला दिसत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

आणि हे काही आपल्याला परकं नाही. तमाशात गवळणीतली मावशी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच करत आले. फडात पोरगं जुन्या मावशीला विंगेतून बघत बघत तयार होतं, कंबरेवर हात कधी ठेवायचा, कृष्णाकडे बघून किती वेळ थांबायचं, हे तिथे शिकतं. थेट अंगातून अंगात जाणारी ही विद्या आहे. पडून दाखवणं, दारावर आदळणं, निऱ्या सुटताना सावरणं, यात अर्ध्या सेकंदाचा हिशोब असतो आणि तो रोज समोरच्या प्रेक्षकांच्या हशावर नव्याने मांडावा लागतो. लक्ष्मीकांत बेर्डे ‘टूरटूर’सारख्या नाटकातूनच वर आले. सिनेमाची चकती शंभर वेळा बघून हे कुणाला येणार नाही. नवे नट त्या जागी उभेच राहिले नाहीत, तर ही विद्या मोबाइलवरच्या दहा सेकंदांच्या तुकड्यांत उरेल.

इथे इंग्लंडमध्ये हा वाद कुणी घालत नाही. दर डिसेंबरला पँटो, म्हणजे नाताळातलं धमाल विनोदी नाटक लागतं, त्यातली डेम, म्हणजे पुरुषाने केलेली बाई, करणारे नट बदलत राहतात, फेस आणि लगदा उडवायचा प्रसंग तोच, आणि इंटरव्हलला आइस्क्रीम खाऊन आलेली पोरं त्याच जागी ‘बिहाइंड यू’ म्हणून घसा फोडतात. 2024 मध्ये जॉन क्लीझने स्वतः ‘फॉल्टी टॉवर्स’ या आपल्या जुन्या विनोदी टीव्ही मालिकेचं नाटक केलं. मालिकेत त्यानेच केलेला हॉटेलमालक बॅसिल त्याने स्वतःकडे ठेवला नाही, ॲडम जॅक्सन-स्मिथला दिला. सत्तरच्या दशकात सगळ्या देशाला पाठ झालेली भूमिका दुसऱ्याच्या अंगावर घालायला मोठं मन लागतं, आणि ते या लोकांकडे आहे असं मी म्हणतो, कुणाला झोंबलं तरी.

हॉलिवूडने 2012 मध्ये जुन्या अमेरिकन विनोदी त्रिकुटावर ‘थ्री स्टूजेस’ केला, तेव्हा नव्या तिघांना जुन्यांचेच केस आणि तसेच आवाज दिले. तसं करू नये एवढंच मी म्हणेन. नव्या पार्वतीने लक्ष्याचा आवाज काढायची गरज नाही. मूळच्या स्टूजेसमध्येही कर्ली आजारी पडल्यावर शेम्प आला, त्याने कर्लीची नक्कल केली नाही.

आता त्या वाक्याबद्दल, ‘तिकडे बसून’. ते लागलं, कारण मी तिकडेच आहे. माझी मुलगी इथे जन्मली. मी तिला ‘बनवाबनवी’ लावून दिला, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी हसलो की हसत होती. पण गणपतीत आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये एका भूलतज्ज्ञाने नऊवारी नेसून मावशी केली, पदर खुर्चीत अडकला, आणि ती खुर्ची ओढत तो तसाच चालत राहिला. पोरगी खाली बसून पोट धरून हसली. तिला निम्मे शब्द कळले नव्हते. तो माणूस विजय चव्हाण नव्हता, त्याचा अभिनय कच्चा होता, पण तो तिच्यासमोर होता.

माझ्या मित्राला जुना सिनेमा तसाच हवाय, कारण बाकीचं मराठी त्याला दारात मिळतं. लोकलमध्ये, भाजीवालीकडे, शिवाजी मंदिरच्या बाहेर. माझ्याजवळ मी निघालो तेव्हाचं मराठी आहे, आणि ते जसंच्या तसं जपण्यात मी बरीच वर्षं घालवली. तसं जपलेलं मुलीच्या हाती जात नाही. तिला तिच्या वयाचे, तिच्या काळात पडणारे-धडपडणारे मराठी नट हवेत, आणि ते मी इथून तयार करू शकत नाही. ते तिकडेच तयार होतात. शिकवायला मी आलेलो नाही रे. मी मागायला आलोय. कुणीतरी तरुण पोरांना पार्वती आणि सुधा करायला उभं करा, तालमी करा, आणि प्रयोग बरा झाला की इंग्लंडला आणा. हॉल मी बघतो.