आणखी पाव फेरा

आमच्या घरात 'घट्ट' या शब्दाला वरची मर्यादा नाही. नळ बंद करायचा तो आतला वायसर चिरडेपर्यंत. मिसकुटाच्या, म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या, बरणीचं झाकण तर असं लावायचं, की पुढच्या मे महिन्यापर्यंत ते कुणाच्या बापाला उघडू नये. हेच संस्कार घेऊन मी गाडीच्या एसीला हात घातला.

म्हापशाहून पणजीला जाताना पर्वरीच्या कोंडीत एसी घामाघूम झाला. मेस्त्रीने गेज लावलं. गॅस संपलेला, आणि कंडेन्सरच्या जोडावर तेलकट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून जिथे ओशट तिथे गळती. "ओ-रिंग बदलूंक जाय," तो म्हणाला. एक हिरवी रबरी रिंग आणि एक बोल्ट! त्यासाठी मजुरी कसली द्यायची?

रविवारी सकाळी बनियनवर कामाला लागलो. रिंगला आधी तेल लावायचं असतं, ते विसरलो. दहाचा पाना लावला. बोल्ट घट्ट झाला. मग संस्कार जागे झाले: आणखी पाव फेरा. तरीही मन भरेना, म्हणून देवाचं नाव घेऊन आणखी एक. आणि तेवढ्यात हाताखाली काहीतरी मऊ पडलं. इतका वेळ अडून बसलेला बोल्ट लोण्यात फिरावा तसा गरगर फिरू लागला. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचा चकचकीत कीस गुंतलेला, काजूकतलीच्या वर्खासारखा.

"कितें केलें हें, बाब?" मेस्त्रीचा स्वर मयताला आल्यासारखा.

मग त्याने शिकवणी घेतली. बोल्ट पोलादाचा, आटे अॅल्युमिनियमचे. कुस्ती जोडीची नव्हेच. गॅस अडवते ती खाचेत दबलेली रिंग. बोल्टने दोन तोंडं फक्त एकत्र आणायची. धातूला धातू टेकला की वरचा सगळा जोर आट्यांच्या मुळावर. माझ्या गाडीच्या पुस्तकात त्या बोल्टला 10 न्यूटन-मीटर लिहिलंय. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाचेक किलो तांदळाची पिशवी टांगली की झालं. मी बहुधा अख्खं पोतं टांगलं होतं.

त्याने भोक मोठं करून नवे आटे पाडले, आत तारेचं वेटोळं बसवलं आणि नव्या रिंगला तेलाचं बोट लावलं. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, मात्र माझ्या हातात दिला. फिरवता फिरवता 'टक्' झालं.

"पुरो," तो म्हणाला.

माझं मनगट आणखी पाव फेऱ्यासाठी वळलंच होतं. त्याने ते वरच्या वर धरलं. पुढे अर्धा तास व्हॅक्यूम पंप पाइपांतली हवा आणि दमट गोव्याचं पाणी ओढत होता, आणि तो माझ्यावर नजर ठेवून होता.

गाडी गार झाली. घरी येऊन हा सगळा पराक्रम बायकोला सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरची मिसकुटाची बरणी उचलून आत नेली.